लॉनला इस्त्री

घरामागचं आमचं लॉन लांबून एकदम झकास दिसतं, फोटोत तर विचारूच नका. पण त्यावरून अनवाणी चालून बघा, दर तिसऱ्या पावलाला एक खळगा नाहीतर एक टेंगूळ. आम्हा घरातल्यांना सवय झालीये, रात्री अंधारातसुद्धा पाय आपोआप चुकवत जातात. पाहुणे मात्र छान गप्पा मारत चाललेले असतात आणि मधेच दोन्ही हात हवेत फेकतात, मग आई आतून ओरडते "अहो जपून!", नेहमी अर्धा सेकंद उशिरा.

सगळ्यात मोठं टेंगूळ कोपऱ्यात, बाबांच्या खुर्चीपाशी. पाशी म्हणजे काय, खुर्चीचा मागचा एक पाय बरोब्बर त्याच्यावरच. जुनी लाकडी खुर्ची आहे, रोज सकाळी पेपर घेऊन बाबा तिथंच बसणार, ऊन तोंडावर आलं तरी हलणार नाहीत. "बाबा, इकडे सावलीत घ्या की खुर्ची." "इथं बरंय." विषय संपला. आणि टेंगळावर ठेवूनही ती खुर्ची कधी डुगडुगायची नाही. असं का, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत एकदाही पडला नाही हे आत्ता लिहिताना जाणवतंय.

तर हे सगळं असंच सुखात चालू राहिलं असतं, पण मला गवत कापायचं मशीन घ्यायची हुक्की आली. कात्रीनं कापत होतो तोवर लॉनचे खाचखळगे म्हणजे फक्त पायाचा प्रॉब्लेम होता. मशीन आलं आणि तो डोळ्याला दिसायला लागला. मशीनचं पातं एका ठरलेल्या उंचीवर फिरतं, त्यामुळे टेंगूळ आलं की तिथं मुळापर्यंत हजामत आणि खळगा आला की गवत तसंच उभं. पहिल्या दिवशी कापून झाल्यावर लॉन असं दिसत होतं जसं एखाद्या पोरानं आरशासमोर स्वतःचेच केस कापलेत.

या मशीनचा शोध इंग्लंडमधल्या एडविन बडिंग नावाच्या माणसानं लावला, १८३० साली पेटंट घेतलं. आणि त्याला ते सुचलं कशावरून, तर गिरणीत कापडावरची लव साफ कापायचं एक यंत्र असायचं त्यावरून! म्हणजे कापडासारखं गुळगुळीत लॉन हे खूळ मुळातच कापडावरून आलेलं आहे. हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं, म्हटलं चला, इस्त्री करायची इच्छा होणं साहजिकच आहे.

इस्त्री म्हटल्यावर कुणालाही आधी सुचेल तेच मलाही सुचलं, रोलर. मागून आणला, पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असताना दोन तास ओढला, दुसऱ्या दिवशी खांदे कामातून गेले. टेंगळं? होती तिथंच, फक्त जरा चेपलेली. रोलर माती इकडची तिकडे नेत नाही हो, तो ती फक्त दाबतो. टेंगूळही दबतं, खळगाही दबतो, फरक जवळपास तेवढाच राहतो. क्रिकेटच्या पिचला रोलर फिरवतात कारण तिथं जमीन टणकच हवी असते, लॉनला नेमकं उलटं हवं. ओल्या मातीवर वजन फिरवलं की मातीतल्या हवेच्या जागा बुजतात, मुळं गुदमरतात, पाणी मुरायचं थांबतं. पुढच्या पावसात माझ्या लॉनवर चार तळी साचली, आधी दोनच साचायची.

पण त्या तळ्यांमुळे एक झालं, मी पहिल्यांदा नीट बघितलं की पाणी नेमकं कुठं थांबतंय. पाऊस थांबल्यावर प्रत्येक डबक्याच्या कडेनं काड्या खोचल्या, आणि वाळल्यावर त्या काड्यांच्या मधे बसून विचार करत बसले की हा खळगा मुळात पडलाच का. एक जागा अशी की तिथं पूर्वी झाड होतं, बुंधा कापला पण मुळं खालीच राहिली, ती वर्षानुवर्षं कुजत गेली आणि वरची माती हळूहळू आत बसली. एक पट्टा पाण्याच्या पाइपसाठी खणून बुजवलेला, भुसभुशीत बुजवलेली माती बसतेच. एके ठिकाणी मुंग्यांचं वारूळ, त्याबद्दल जास्त बोलत नाही, चावल्या. आणि सगळीकडे ती बारीक बारीक, सकाळी पायाला गार लागणारी मातीची गोळीगोळी विष्ठा, गांडुळांची.

गांडुळांवर मी आधी चिडले होते. पण डार्विननं १८४२ साली घराजवळच्या एका शेतात खडूच्या दगडाचे तुकडे पसरून ठेवले आणि २९ वर्षांनी तिथं चर खणला, तर ती पांढरी रेघ ७ इंच खाली गेलेली. कुणी पुरली नव्हती, गांडुळं खालची माती वर आणून टाकत राहिली आणि खडू खाली जात राहिला. एवढी वाट बघायची माणसाची तयारी असेल तर गांडुळांना चार गोळ्या वर टाकल्याबद्दल मी काय बोलणार. वाळल्या की झाडूनं पसरून टाकते आता, ते खतच आहे शेवटी. ओल्या असताना मात्र हात लावायचा नाही, चिखल होऊन गवतावर थापल्या जातात.

मग खळगे भरायला घेतले आणि दुसरी चूक केली. घरी कंपोस्ट भरपूर होतं, म्हटलं खळगा पण भरेल आणि गवताला खाऊ पण मिळेल. गवत जाम खूश झालं, हिरवंगार. पण कंपोस्ट कुजतच राहतं ना, आणि कुजता कुजता आकसतं, वर्षभरात खळगा जिथल्या तिथं. फक्त आता हिरवागार खळगा.

खरी पद्धत इतकी साधी आणि इतकी कंटाळवाणी आहे की कुणी ती आधी का करत नाही हे लगेच कळतं. उंचवटे दाबायचे नाहीत, खोलगट जागा वर आणायच्या, त्याही एकदम नाही. जमिनीत आहे तसलीच माती, थोडी वाळू, थोडं कंपोस्ट, सगळं चाळून एकत्र करायचं आणि गवत आखूड कापून त्यावर जेमतेम १ सेंटिमीटरचा थर द्यायचा. मग दाताळं उलटं धरून पाठीनं मागेपुढे ओढायचं, म्हणजे माल आपोआप उंचावरून खोलात जाऊन बसतो. शेवटी खराट्यानं हलकं झाडून गवताची टोकं वर काढायची, हे महत्त्वाचं. टोकं दिसत असली तर गवत जगतं, पूर्ण गाडलंत तर पिवळं पडून मरतं. तीन-चार आठवडे थांबायचं, गवत त्यातून वर आलं की पुढचा थर. आणि हे सगळं गवत जोमात वाढत असतानाच करायचं, झोपलेल्या गवतावर माती टाकली तर ते उठतच नाही.

एक सेंटिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, मलाही वाटलं नव्हतं. आमचं लॉन ८ बाय ६ मीटर, म्हणजे ४८ चौरस मीटर, त्यावर १ सेंटिमीटर म्हणजे ४८० लिटर माल. १२ लिटरचं घमेलं धरलं तर ४० घमेली! सगळी चाळून. चौदाव्या घमेल्याला आई बाहेर आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, "आपण चालताना जपून चालत होतो तेच बरं नव्हतं का?" मी उत्तर दिलं नाही, श्वास नव्हता.

आणि मधेच लक्षात आलं की लॉन सपाट हवं पण एका पातळीत नको. पाणी घरापासून लांब जायला उतार हवा, दर मीटरला १ ते २ सेंटिमीटर. गवंडी वापरतात तसली पाणी भरलेली पारदर्शक नळी घेतली, दोन खुंट्यांना सुतळी बांधली, एक टोक मी धरलं आणि दुसरं बाबांनी. "वर घ्या... थोडं खाली... आता हलू नका." बाबा अजिबात हलले नाहीत, पाचव्या मिनिटाला म्हणाले, "श्वास घेतला तर चालेल का?"

राहता राहिलं कोपऱ्यातलं टेंगूळ. एवढं मोठं असलं तर थरबिर देऊन भागत नाही, ऑपरेशनच करावं लागतं. बाबा बाहेर गेलेले बघून खुर्ची बाजूला केली, धारदार फावड्यानं गवतावर फुलीसारखे दोन काप दिले आणि चारही पाकळ्या मुळांसकट हळूच उलगडल्या. हरळीच्या पांढऱ्या मुळ्यांचं खालून असलं घट्ट विणलेलं जाळं दिसलं की हात लावायला जिवावर यावं. हरळीची मुळी उगाच म्हणत नाहीत, चांगली दोन-तीन इंच जाड पाकळी धरली की गोधडीचं टोक उचलल्यासारखी अख्खी उचलून येते. खाली माती खरवडली तर खण्णकन आवाज. घर बांधताना कुणीतरी पुरून गेलेला सिमेंटचा गोळा आणि त्यावर फरशीचा एक तुकडा, दोन बोटं जाड. आजूबाजूची भरावाची माती बसत गेली आणि हे महाशय बसायला तयार नाहीत, म्हणून टेंगूळ. दोन्ही काढलं, खड्डा मातीनं थराथरानं भरला, प्रत्येक थर पायानं दाबला, पाकळ्या परत मिटवून पाणी मारलं. फरशीचा तुकडा कुंपणाला टेकवून ठेवला.

दोन आठवड्यांत फुलीची खूण दिसेनाशी झाली. खुर्ची तिच्या जागी ठेवली, बाबांना हाक मारली. ते पेपर घेऊन आले, बसले, आणि खुर्ची डुगडुगली.

मी खुर्ची इंचभर सरकवली, तरी डुगडुगली. फिरवली, तरी तेच. शेवटी उलटी करून बघितली तर मागचा डावा पाय बाकीच्या तिघांपेक्षा दोन बोटं आखूड. करवतीचा काप, जुना, मळून काळा पडलेला.

"तुम्ही कापलात?"

"मग काय लॉन कापायचं होतं?"

पुढं काही न बोलता ते उठले, कुंपणापाशी गेले, फरशीचा तुकडा झटकून आणला, आखूड पायाखाली सरकवला, बसून एकदा पुढेमागे हलून बघितलं आणि पेपर उघडला.