दाराची खाच

रंगवाल्याने उकिडवं बसून दाराच्या खालच्या कोपऱ्यात बोट घातलं आणि हॉलकडे बघून विचारलं, "काका, आ खांचो भरी दउं?"

बाबा पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "भरी दे. एमांथी वंदा आवे छे."

वंदा म्हणजे झुरळं. आमच्या बडोद्यात मराठी माणसं घरात मराठी बोलतात, पण रंगवाला, भाजीवाली आणि झुरळं हा विभाग गुजरातीकडे. मी आत चहा गाळत होते. गाळणं हातात तसंच धरून बाहेर आले आणि ती खाच बघितली. बोटभर रुंद, अर्धं बोट खोल. बेडरूमच्या दाराच्या कडीकडच्या कोपऱ्यात. इतक्या वर्षांत तिच्यावरून किती वेळा केर काढला असेल, पण ती दिसायचीच बंद झाली होती.

ती खाच टेलिफोनच्या वायरसाठी होती. आणि त्या वायरीपायी आमच्या घरात वर्षभर जे चाललं होतं, त्याला बाबा चर्चा म्हणायचे.

2000 सालच्या दसऱ्याला आमच्याकडे कॉम्प्युटर आला. सयाजीगंजातून असेंबल करून घेतलेला, विंडोज 98, पंधरा इंची मॉनिटर, त्याच्या पाठीला एवढं मोठं कुबड. बेचाळीस हजार रुपये. त्याच्यापुढे नारळ फोडायचा की नुसता ठेवायचा यावर आजी आणि बाबांचं थोडं झालं, शेवटी पाणी उडेल म्हणून नुसता ठेवला. आईने जुन्या पडद्याचं कव्हर शिवलं, त्याला झालरसुद्धा लावली. आणि मग बाबांनी जाहीर केलं की कॉम्प्युटर हॉलमध्ये राहील. शोकेसशेजारी, दाराकडे पाठ करून बसावं लागेल असा.

मी म्हटलं, बेडरूममध्ये का नाही? अभ्यास तर मीच करणार.

"झोपायच्या खोलीत यंत्र नको."

वास्तविक बाबा स्वतः उशाशी ट्रान्झिस्टर घेऊन झोपायचे. पण ते यंत्र नव्हतं, तो रेडिओ होता.

आणि झोपायची खोली तरी कुठली? बाबा वाढले दांडिया बाजारातल्या वाड्यात. तिथे बेडरूम नावाची वस्तूच नव्हती. रात्री माजघरात गाद्या पडायच्या, सकाळी गुंडाळून कोनाड्यात जायच्या, आणि रात्री जिथे चुलत्याचे पाय होते तिथे सकाळी पानं मांडली जायची. आठ भावंडांचा अभ्यास एका कंदिलाभोवती झाला, हे आम्ही महिन्यातून एकदा तरी ऐकत असू. कारेलीबागेतलं हे टेनामेंट घेतल्यावर त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा बेडरूम आल्या, आणि त्यांचं नेमकं काय करायचं हे त्यांना कितीतरी वर्षं उमगलं नाही. दिवसा ते बेडरूममध्ये जातच नसत. दुपारी बेडरूममध्ये सापडलेला माणूस आजारी तरी असतो, नाहीतर काहीतरी लपवत असतो, असं त्यांचं मत.

वाद रंगला की महाराज यायचे. बडोद्याच्या मराठी घरात कुठलाही वाद पुरेसा ताणला की सयाजीराव महाराज येतातच. "महाराजांनी 1906 साली सगळ्या संस्थानात शिक्षण सक्तीचं केलं. मुलाला शाळेत नाही पाठवलं तर बापाला दंड! 1910 साली अमेरिकेहून बॉर्डनसाहेबाला बोलावून गावोगाव लायब्रऱ्या काढल्या. मांडवीकडच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन बघ. वरच्या मजल्याची जमीनसुद्धा काचेची, का? वरचा उजेड खालच्याला मिळावा म्हणून. तिथे कोणी दार लावून वाचतं का?"

यावर मी म्हणायचे की तिथे कोणी मागे उभं राहून दुसऱ्याचं पुस्तकही वाचत नाही. ते त्यांना ऐकू जात नसे.

कारण हॉलमध्ये तेच चालायचं. मी टाइप करायला बसले की माझ्या पाठीमागे एक प्रेक्षागृह भरायचं. बाबा पेपर धरून बसायचे आणि पान उलटायचे नाहीत. भिशीला आलेल्या बायका "हे काय, इंग्रजी का?" विचारायच्या. शेजारचे एक काका उभ्या उभ्या वाचून स्पेलिंग सुधारायचे, आणि बरोबर सुधारायचे, हे जास्त वाईट. आजसुद्धा मला दाराकडे पाठ करून बसता येत नाही. ऑफिसात, हॉटेलात, दाताच्या डॉक्टरकडेही मी आधी भिंत शोधते. नवऱ्याला वाटतं ही काहीतरी वास्तुशास्त्राची भानगड आहे. मीही खुलासा करत बसत नाही.

26 जानेवारी 2001 ची सकाळ. झेंडावंदनाला निघायची बाबांची तयारी झालेली, आणि जमीन हलली. कच्छच्या भूकंपाचा धक्का, पावणेनऊचा सुमार. आजीला घेऊन आई आणि मी अंगणात धावलो. सगळी सोसायटी रस्त्यावर. बाबा कुठेच नाहीत. थरथर थांबल्यावर आत जाऊन बघितलं तर इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतले बाबा मॉनिटरला कवटाळून उभे, डोळे मिटलेले. आईने त्यांचे हात सोडवले. "बेचाळीस हजार आहेत," एवढंच ते म्हणाले. त्या दिवशी संध्याकाळी टीव्हीवर भूज, अंजार, भचाऊ दिसायला लागलं आणि मग कितीतरी दिवस आमच्याकडे कोणी त्या मिठीवर हसलं नाही. पुढे खूप हसलो.

जूनमध्ये मला युनिव्हर्सिटीत अ‍ॅडमिशन मिळाली आणि बाबा नमले. कॉम्प्युटर बेडरूममध्ये जाईल. दार मात्र उघडं राहील.

बेडरूम म्हणजे माझी आणि आजीची. आजीच्या झोपेचं काय, हा बाबांच्या हातातला शेवटचा पत्ता होता, तो आजीनेच उडवून लावला. तिला स्क्रीनसेव्हर अतोनात आवडायचा. काळ्या पडद्यावर रंगीत पाइप आपोआप वाढत जायचे, वळायचे, एकमेकांत गुंतायचे. आजी पलंगावरून बघत राहायची. "हे नळ जातात कुठे गं?" म्हणायची. तिच्या लहानपणी घरात नळ आल्याचं तिला आठवत होतं, तेव्हाही म्हणे प्लंबर असाच पाइप आणून जोडत बसला होता, आणि पाणी काही येईना. "याचंही पाणी येणार नाही बघ," म्हणत ती झोपून जायची. मी कधी काम लांबवलं तर हाक यायची, "जरा हात काढ त्याच्यावरचा. नळ लाव."

टेलिफोन हॉलमध्ये, क्रोशाच्या रुमालावर. इंटरनेट लावायचं तर तिथून बेडरूमपर्यंत दहा मीटर वायर ओढायची. मग मोडेम त्याचं ते किंचाळणं सुरू करायचा, बाबा हॉलमधून ओरडायचे, "कोणाचा गळा धरलाय?" आणि मग घरचा फोन तासभर एंगेज. इंदूरच्या मामांनी चार वेळा लावला आणि लागला नाही, हे आम्हाला मामांच्या पत्रातून कळायचं.

आता ते दार. बाबा मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शात विचार करणारा माणूस. मिस्त्री दारं बसवत असताना ते काटकोन तपासायचा गुण्या घेऊन त्याच्या डोक्यावर उभे राहिले होते. दगडी उंबरठ्यावर दार असं बसलं की खालून पाल जाणार नाही. साहजिकच वायरही जाणार नाही. दार लावलं की वायर चिमटणार. बाबांना हे इतकं सोयीचं होतं की ते त्याबद्दल एक शब्दही बोलत नसत. फक्त दार थोडं ढकललं गेलं की गोड आवाजात सूचना यायची, "बेटा, वायर आहे हं."

त्या पावसाळ्यात मी कोणाला तरी लांबलचक ईमेल लिहीत असे. कोणाला, ते जाऊ दे. पुढे त्यातून काही झालं नाही, आणि ते ईमेलचं खातंही आता राहिलेलं नाही. एका रात्री आई हळदीचं दूध घेऊन आली. पायांचा आवाज ऐकून मी घाईने विंडो खाली पाडली, पडद्यावर नुसतं हिरवट डेस्कटॉप. आईने दूध टेबलावर ठेवलं. कॉम्प्युटरकडे बघितलंही नाही. दाराकडे बघितलं, खाली वायरकडे बघितलं, आणि गेली.

दिवाळीच्या आसपास कधीतरी मी कॉलेजातून आले तर दाराला खाच होती. खाली लाकडाचा भुगा, तोही नीट झाडलेला नव्हता. वायर त्या खाचेतून आत गेलेली आणि दार बंद. मी आत जाऊन दार लावून बघितलं. उघडलं. परत लावलं. जेवताना कोणी काही बोललं नाही. बाबांनी कढी वाढून घेतली, मीही विषय काढला नाही. बाबा हरले आणि तसं म्हणायची त्यांना लाज वाटते, असा मी अर्थ लावला, आणि तोच धरून चालले. पुढे लग्नात, बाबांवर बोलायची वेळ आली तेव्हा, हा किस्सा मी सगळ्यांना सांगितलाही होता. टाळ्या पडल्या होत्या. बाबा नुसते हसले होते. आईसुद्धा.

आता घरात वायर नाही. बाबा एकोणऐंशी वर्षांचे आहेत, दुपारी टॅब घेऊन पलंगावर पडतात आणि नाट्यसंगीत लावतात. दार लावून. मी काही बोलत नाही. गुजरातीत वांधो म्हणजे हरकत. तेव्हा त्यांचा वांधो होता, आता फक्त वंदो आहे.

तर मी गाळणं धरून उभी होते आणि म्हणाले, "बाबा, ही भरायची? तुम्हीच तर कापली होती."

"मी?" त्यांनी पेपर खाली घेतला. "मी कशाला कापू?"

"मग कोणी?"

"मला वाटलं तू कापलीस. मुद्दाम बोललो नाही तेव्हा. म्हटलं, एवढं अडलं असेल तर अडलं असेल."

ते उठले, गुडघे धरत धरत दारापाशी आले, चष्मा कपाळावर सरकवून वाकले. रंगवाला बाजूला झाला. बाबांनी खाचेच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"हे काय काम आहे? एक बाजू तिरकी, एक बाजू चावल्यासारखी. मी केलं असतं तर आधी गुण्या लावला असता, मग कानस मारली असती." अंगठा परत फिरला. "करवतसुद्धा नाही ही. पात्याने कापलंय."

कारखान्यात झिजलेली हॅक्सॉची पाती बाबा घरी आणायचे, घासून त्यांच्या सुऱ्या करायचे. एका बाजूला धार, दुसऱ्या बाजूला दाते तसेच, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. आमच्या घरात सुरण त्याच सुरीने चिरलं जायचं. त्या सुरीला दुसरं कोणी हात लावलेला चालत नसे.

आईला जाऊन या श्रावणात सहा वर्षं झाली.

बाबा वाकलेलेच राहिले. मी विचारलं, "चहा देऊ?" ते हो म्हणाले, मग म्हणाले, "साखर कमी घाल." रंगवाला लांबीचा गोळा हातात मळत थांबला होता. दोघांपैकी कोणी काही म्हणेना, तेव्हा त्याने तो खाचेत दाबला आणि अंगठ्याने सारखा केला.