हँडब्रेकपायी गाडी नापास

आमची गाडी यंदा पासिंगला नापास झाली. इंजिन ठणठणीत, टायर नवे, दिवे सगळे लागतात. नापास झाली ती फक्त हँडब्रेकमुळे.

आम्ही राहतो त्या इंग्लंडमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिची एमओटी, म्हणजे ती रस्त्यावर चालवण्याजोगी आहे की नाही याची, तपासणी करावी लागते. मागची चाकं रोलरवर घेतात, हँडब्रेक ओढतात आणि ब्रेकचा जोर गाडीच्या वजनाच्या किती टक्के भरतो ते यंत्र सांगतं. किमान १६ लागतात. आमचे १३ भरले. 'मेजर' म्हणजे गंभीर दोष, विषय संपला. तपासणाऱ्याला म्हटलं, अहो, रोज चढावर उभी असते, कधी इंचभर हलली नाही. तो शांतपणे म्हणाला, मी आकडा बदलू शकत नाही.

तेही चालवून घेतलं असतं. पण हा निकाल सरकारी संकेतस्थळावर चढतो आणि गाडीचा नंबर टाकला की कुणालाही दिसतो. २००५ पासूनच्या तपासण्या, त्या त्या वेळचे मैल, प्रत्येक दोष, सगळं उघड्यावर. दुरुस्तीनंतर 'पास'ची नोंद होते, पण आधीचं 'नापास' पुसलं जात नाही. ऑइल वेळेवर, सर्व्हिसिंग वेळेवर, हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ खालून धुऊन काढायचं, इतकं जपलेल्या गाडीच्या नावावर हा डाग कायमचा. उद्या विकायला काढली तर घेणारा आधी तेच वाचणार. जुनी गाडी घेताना आम्हीही हीच नोंद वाचली होती आणि तिचा उपयोगही झाला होता, हे खरं. तरी आमच्या गाडीच्या बाबतीत मला ते लागलं ते लागलंच.

आणि जुनी गाडी का ठेवलीत, असं कुणी विचारू नये. हप्त्यावर नवी घेता आली असती. पण चालती गाडी काढून टाकणं आमच्या घराच्या वळणात बसत नाही. बाबांनी मारुती ८०० वीस वर्षं वापरली. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यामुळे तोवर तिचा हँडब्रेक कुणी अधिकृतपणे तपासलाच नव्हता.

गॅरेजवाला मूळचा पाकव्याप्त काश्मीरमधल्या मीरपूरचा. तो हिंदीत बोलायला लागला आणि माझा अर्धा राग उतरला. मला वाटलं, लीव्हरखालचा नट आवळून केबल ताणून देईल. तो म्हणाला, "बहनजी, केबल आखिर में." आधी मागच्या चाकांवरचे ब्रेकचे ड्रम काढले. त्यांच्या आत शू असतात, ते ड्रमला आतून दाबून चाक धरतात. ते पुढे सरकवणारा एका बाजूचा ॲडजस्टर गंजून जाम झाला होता, त्यामुळे लायनर, म्हणजे शूवरचे घासणारे थर, झिजले तसे शू पुढे सरकलेच नव्हते आणि ड्रमपासून लांब राहिले होते. अशा वेळी नुसती केबल ताणली तर लीव्हर हाताला घट्ट लागतो, पण ती बाजू कमजोरच राहते. त्याने दोन्ही बाजूंचे शू बदलले, ॲडजस्टर साफ करून मोकळा केला, शू ड्रमला जेमतेम टेकतील इतके पुढे घेतले आणि मग केबलला हात लावला. प्रत्येक झिजलेला भाग मला बोलावून दाखवला. गाडी त्याच केंद्रावर ठेवून दहा कामकाजाच्या दिवसांत दुरुस्त केली तर फेरतपासणी फुकट, हेही त्यानेच सांगितलं. पास झाली.

साताऱ्याचे आमचे मिस्त्रीही हे काम असंच करतात, आणि इथल्या मजुरीच्या कितीतरी कमी पैशांत. हुन्नर आपल्याकडे भरपूर आहे. पण नुसत्या हँडब्रेकसाठी त्यांच्याकडे गाडी नेतं कोण? घाटात थांबलो की चाकाला दगड लावतो. पुण्या-मुंबईत तर सोसायटीत आडवी गाडी लावताना हँडब्रेक मुद्दाम काढून न्यूट्रलमध्ये ठेवतो, वॉचमनला ढकलता यावी म्हणून. जागाच नाही तर लोक करणार काय? आमचं शेफील्ड शहर टेकड्यांवर वसलंय, इथे तशी गाडी सोडली तर ती थेट खालच्या घरात शिरेल.

दादाला फोनवर म्हटलं, तुझ्या गाडीचे मागचे ड्रम एकदा उघडून बघायला सांग. तो म्हणाला, "अगं, मी गिअरमध्ये टाकूनच उतरतो." मी ऐकलं नाही. वहिनी रोज त्याच गाडीतून मुलांना शाळेत सोडते आणि शाळेचा रस्ता उताराचा आहे. शनिवारी मिस्त्रींकडे न्यायचं त्याने कबूल केलंय.