लाल फीत

अमेरिकेतल्या ॲरिझोनात, टुसॉनला जूनमध्ये आमचं काम पहाटे पाचला सुरू होतं आणि अकराच्या आत गुंडाळावं लागतं. त्या सकाळी माझ्या हातात लाल फितीचं रीळ होतं. एका वसाहतीच्या रस्त्याकडेला आमच्याच लोकांनी लावलेल्या ब्रिटलबुशपैकी मेलेल्या झुडपांना फीत बांधायची, दुसऱ्या दिवशी ट्रक येऊन ती उपटून नेणार, असं ठरलेलं.

ब्रिटलबुश हे इथल्या सोनोरन वाळवंटाचं स्वतःचं झुडूप, सूर्यफुलाच्या कुळातलं. कमरेएवढं, गोलसर. वसंतात पानांच्या वर लांब देठांवर पिवळी फुलं डोलायला लागली की मला दर वर्षी कासची सोनकी आठवते. (सोनकीही त्याच कुळातली, पण बिचारी एका हंगामाची.) जूनमध्ये मात्र समोर नुसते काटक्यांचे भारे होते. मी काडी वाकवायची, ती कट्कन मोडायची, की फीत. अशा 42 फिती बांधल्या.

आमचे जुने माळी मेक्सिकोतल्या सोनोराचे. ते मागून येऊन शांतपणे म्हणाले, "बाई, हे जिवंतपणीही असंच मोडतं. नाव काय त्याचं?"

ब्रिटल म्हणजे ठिसूळ. राहुरीला शेतकी शिकून आलेली मी, आणि नावच नीट वाचलं नव्हतं!

त्यांनी बुंध्याजवळ नखाने साल खरवडली. आत हिरवं. फांदीवर सुकलेला पिवळसर डिंक होता, तो चोळून माझ्या नाकाशी धरला. स्पॅनिशमध्ये या झाडाला 'इन्सिएन्सो', म्हणजे धूपच म्हणतात. जुन्या मिशन चर्चमध्ये हा डिंक जाळत असत.

मग मी वाचत बसले. थंडीत, पाणी असताना याची पानं मोठी आणि हिरवट असतात. कोरडं पडत गेलं की नवी पानं लहान आणि पांढऱ्या लवेची येतात. याच्या किनारपट्टीवरच्या बिनलवेच्या भावंडाचं पान 80 टक्क्यांहून जास्त प्रकाश शोषतं. याचं दाट लवेचं पान 30 टक्क्यांच्या आसपास. बाकीचा परत फेकला जातो आणि पान तापत नाही. तेही पुरेना झालं की झाड पानंच टाकतं. आपला पळस पानं टाकतो तेव्हा आपण कुऱ्हाड आणत नाही. इथे मी ट्रक बोलावला होता.

साहेबांकडून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मुदत मागितली. वसाहतीच्या लोकांना सरपण बघत बसायचं नव्हतं, त्यांचे दोन फोन आले. जुलैत इथला मान्सून आला, आपल्यासारखा झडीचा नाही, संध्याकाळी तासभर धुमाकूळ घालून जाणारा. पंधरवड्यात 31 फिती मी स्वतः सोडल्या.

उरलेली 11 खरंच गेली. उपटली तेव्हा मुळं काळी, मऊ, कुजकट वासाची. सगळी एकाच व्हॉल्व्हवरची. मे महिन्यात पानं गळताना पाहून माझा जीव कळवळला होता आणि त्या व्हॉल्व्हच्या ठिबकची वेळ मी दुप्पट केली होती.

अहवालात 'कारण' असा रकाना असतो. आधी मी तिथे 'उष्णता' लिहिलं होतं. ते खोडून 'पाणी' लिहिलं आणि पुढे माझी सही केली.