विंगेतली दोन मिनिटं

दिलीप प्रभावळकर म्हटलं की कुणाला आबा टिपरे आठवतात, कुणाला तात्या विंचू, कुणाला ‘लगे रहो मुन्नाभाई’मधले गांधीजी. पण हा नट काम कसं करतो हे बघायचं तर ‘हसवाफसवी’कडे जावं लागतं. लेखन त्यांचंच, दिग्दर्शन चंद्रकांत कुलकर्णी यांचं आणि एका प्रयोगात भूमिका सहा.

सहा भूमिका म्हणजे सहा विग आणि सहा आवाज, असं प्रेक्षकाला वाटतं. खरं गणित विंगेत असतं. अशा नाटकात दोन एन्ट्रींच्या मधे मिळतात जेमतेम दोन-तीन मिनिटं. तेवढ्यात बटणं लावत बसलात तर संपलंच. म्हणून कपड्यांना बटणांच्या जागी वेल्क्रो किंवा टिचबटणं, धोतर आधीच शिवलेलं, बुटांना नाडी नाही. एका पात्राचे कपडे दुसऱ्याच्या आत. टेबलावर सामान वापरायच्या क्रमाने मांडलेलं, कारण विंगेत उजेड जेमतेम असतो आणि शोधाशोधीला वेळ नसतो. मिशी जाळीवर बांधून तयार ठेवतात. स्पिरिट गम, म्हणजे मिशी चिकटवायचा डिंक, लावल्या लावल्या ती चिकटवली तर सरकते. गम जरा चिकट होऊ द्यावा लागतो, आणि वरचा ओठ घामेजला असेल तर तोही उपाय फसतो. मग नट अख्खा प्रवेश ओठ न हलवता बोलायला लागतो. म्हणून जड मेकअपची भूमिका शक्यतो मध्यंतरानंतर ठेवलेली बरी; पंधरा मिनिटं हक्काची मिळतात.

घड्याळ मनगटावरच राहिलं, विग वाकडा बसला, या चुका निदान दिसतात तरी. जास्त घातक चूक आवाजाची. धावपळीने श्वास वर चढलेला असतो, आणि नव्या पात्राची पहिली दोन वाक्यं जुन्याच्या पट्टीत निघतात. कपडे बदलले, माणूस बदलला नाही. यावर उपाय एकच: पात्र चेहऱ्याऐवजी पायांपासून धरायचं. म्हाताऱ्याचं वय सुरकुत्यांत कमी आणि वळताना लागणाऱ्या वेळात जास्त असतं. कृष्णराव हेरंबकर हा संगीत रंगभूमीचा थकलेला नट लोकांना अजून आठवतो, तो त्यामुळेच. बाकीची पात्रं हसवून जातात, हेरंबकर जात नाहीत.

ही तयारी जुनी. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’त प्रभावळकर चेटकीण होते, ‘आरण्यक’मध्ये विदुर. बालनाट्यातली चेटकीण फार सोपी समजू नये. पोरं कंटाळली की तोंडावर सांगतात.

टेलिव्हिजनवर सगळं उलटं. चिं. वि. जोशींचा ‘चिमणराव’ मुंबई दूरदर्शनवर आला तो सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, कृष्णधवल काळात; चिमणराव प्रभावळकर, गुंड्याभाऊच्या भूमिकेत बाळ कर्वे. नाटकात बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेला दिसावी म्हणून उचललेली भुवई क्लोजअपमध्ये ओव्हरअॅक्टिंग ठरते. चिमणराव घाबरट, त्यामुळे मोठं करायचा मोह पावलोपावली. तो त्यांनी आवरला.

‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका 2001 मध्ये अल्फा मराठीवर सुरू झाली, त्यांच्याच ‘अनुदिनी’ या लेखनावरून. आजोबा झाले तेव्हा त्यांचं वय 57. मालिकेतल्या म्हातारपणाची अडचण वेगळीच असते. शूटिंग कथेच्या क्रमाने होत नाही. सकाळी घेतलेला प्रवेश पडद्यावर दुसऱ्या प्रवेशाच्या आधी लागतो की नंतर, हे लक्षात ठेवून पाठीचा बाक, चालीचा वेग जुळवावा लागतो. कपड्यांची कंटिन्युइटी, म्हणजे आधीच्या प्रवेशाशी जुळणी, बघायला सेटवर माणूस असतो, बाकाची नटाने स्वतःच सांभाळायची. आबांमध्ये ती कुठे निसटलेली मला तरी दिसली नाही.

2025 च्या ‘दशावतार’ चित्रपटात ते बाबुली मेस्त्री हा कोकणातला म्हातारा दशावतारी, म्हणजे दशावतार या लोकनाट्यातला नट झाले, वयाच्या 81 व्या वर्षी. गंमत अशी की दशावतारात रंगभूषाकार नसतो. नट आपल्या पेटाऱ्यासमोर बसतो, हातात आरसा धरतो आणि आपला चेहरा आपणच रंगवतो. लिखित संहिताही नसते. कथा ठरलेली, संवाद तिथल्या तिथे.