तुम्ही विचारलंत म्हणून: कंट्री गाण्यांतल्या गोष्टी खऱ्या असतात का?

मी अमेरिकन कंट्री संगीत, म्हणजे तिथल्या खेड्यापाड्यांतून आलेली गाणी, ऐकते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "ही तुरुंगाची, खाणींची, आईवडलांची गाणी त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातली असतात, की रचलेली?"

दोन्ही असतात. पण इतकी वर्षं ऐकून माझं एक मत झालंय. घटना बदललेल्या असू शकतात, कधी अख्ख्या कल्पनेतल्याही असतात. मात्र गाणारा ज्याचं ऋण मान्य करतो, तिथे तो सहसा खोटं बोलत नाही.

सगळ्यात प्रसिद्ध तुरुंगगीत गायक जॉनी कॅशचं, 'फॉल्सम प्रिझन ब्लूज'. ते त्याने कोठडीत लिहिलेलं नाही. अमेरिकन हवाई दलाच्या नोकरीत तो जर्मनीत होता, तिथे फॉल्सम तुरुंगावरचा एक सिनेमा पाहून त्याला ते सुचलं. चाल आणि बऱ्याच ओळी संगीतकार गॉर्डन जेंकिन्सच्या जुन्या गाण्यावरून घेतलेल्या होत्या, त्याची भरपाई पुढे द्यावी लागली. कॅशने तुरुंगाची शिक्षा कधीच भोगली नाही. गाणं जबरदस्त आहे, पण त्यातली गोष्ट कल्पनेतली.

हाच कॅश सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात गायला, तेव्हा समोर बसलेल्या कैद्यांत पुढे स्वतः मोठा गायक झालेला मर्ल हॅगार्ड होता. हॅगार्डचं 1968 चं 'मामा ट्राइड' (आईने प्रयत्न केला) मला या सगळ्यांत जास्त जवळचं आहे. त्यातला नायक म्हणतो, एकविसावं वर्ष पूर्ण झालं ते तुरुंगात, आणि शिक्षा जन्मठेपेची, पॅरोलसुद्धा नाही. एकविसावं वर्ष खरं आहे. जन्मठेप खरी नाही. हॅगार्ड चोरीच्या प्रयत्नात पकडला गेला होता आणि 1960 मध्ये सुटला. गाणं एका सिनेमासाठी लिहिलेलं, त्यामुळे शिक्षा वाढली असेल असं मला वाटतं.

आई मात्र जशीच्या तशी आहे. हॅगार्डचं कुटुंब ओक्लाहोमातून कॅलिफोर्नियात आलं. वडील रेल्वेत कामाला. त्यांनी मालगाडीचा एक जुना डबा दुरुस्त करून त्याचं घर केलं होतं. मर्ल नऊ वर्षांचा असताना ते गेले आणि सगळं आईवर पडलं. ती श्रद्धाळू, कष्टाळू बाई. मुलगा मात्र लहानपणापासून मालगाड्यांवर चढून पळून जायचा. गाण्याची सुरुवातही गाडीच्या शिट्टीनेच होते. आणि गाणारा गरिबीला दोष देत नाही, नशिबाला देत नाही. आईने परोपरीने समजावलं, मी ऐकलं नाही, दोष माझा एकट्याचा, इतकंच म्हणतो. अमेरिकेतल्या त्या गरीब, स्थलांतरित घरांतल्या किती बायकांना त्यात स्वतःचा मुलगा ऐकू आला असेल!

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला गायिका लॉरेटा लिनचं 'कोल मायनर्स डॉटर', म्हणजे खाणकामगाराची मुलगी. इथे काहीच रचलेलं नाही. केंटकीतलं बुचर हॉलो, कोळशाच्या खाणीत राबणारे वडील, आठ भावंडं. रात्री तान्ह्याला झोके देत घासलेटच्या दिव्यात बायबल वाचणारी आई, कपडे घासून घासून रक्ताळलेली तिची बोटं. उन्हाळ्यात पायांत काही नाही, हिवाळ्यात मात्र डुक्कर विकून आलेल्या पैशांतून सगळ्यांना नवे बूट, तेही टपालाने मागवलेले. सुखाचा हा हिशोब ज्याने प्रत्यक्ष पाहिलाय त्यालाच सुचेल. वडील 1959 मध्ये वारले. लॉरेटाची पहिली रेकॉर्ड आली 1960 मध्ये आणि हे गाणं 1970 मध्ये. म्हणजे ज्यांच्यासाठी ते लिहिलं, त्यांनी ते ऐकलंच नाही.

तिने मुळात बरीच अधिक कडवी लिहिली होती. निर्माता ओवेन ब्रॅडलीला गाणं फार लांबतंय असं वाटलं आणि त्याने ती काढायला लावली. रेडिओसाठी त्याचं बरोबर असेलही. मला मात्र तो निर्णय अजून पटत नाही. असं घर ओळीओळीने सांगणारी बाई मिळाल्यावर तिला पूर्ण बोलू द्यायला हवं होतं.