बिल टेंच अजून त्या रिकाम्या घरातच उभा आहे

परवा माइंडहंटरचा दुसरा सीझन परत संपवला, तिसऱ्यांदा. शेवटच्या एपिसोडमध्ये बिल अटलांटाहून घरी येतो, दार उघडतो आणि घर रिकामं. बायको नॅन्सी नाही, मुलगा ब्रायन नाही, सामानसुद्धा गेलेलं. तो नुसता या खोलीतून त्या खोलीत फिरतो. आणि मग एकदम कॅन्ससमधला तो माणूस, तोंडावर मुखवटा, गळ्यात दोरी. संपलं. १६ ऑगस्ट २०१९ ला हे आलं आणि तेव्हापासून बिल तिथेच उभा आहे, आणि खरं सांगायचं तर मीपण.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात (पुढे सगळे स्पॉयलर आहेत हां). १९७७ च्या सुमाराची गोष्ट. एफबीआयचे होल्डन फोर्ड आणि बिल टेंच, आणि त्यांच्यासोबत वेंडी कार ही मानसशास्त्राची प्रोफेसर. क्वांटिकोच्या एफबीआय अकादमीच्या तळघरात ऑफिस. तिथून हे लोक तुरुंगातुरुंगात जाऊन, एकामागून एक खून केलेल्या माणसांसमोर टेपरेकॉर्डर ठेवून, तू हे का केलंस, कसं केलंस, लहानपणी काय झालं होतं असं विचारत बसतात. पात्रं काल्पनिक, पण होल्डनच्या मागे खरे एजंट जॉन डग्लस आहेत, बिलच्या मागे रॉबर्ट रेस्लर आणि वेंडीच्या मागे अॅन बर्जेस. दोन सीझन, १९ एपिसोड. जानेवारी २०२० मध्ये कलाकारांना काँट्रॅक्टमधून मोकळं केलं, आणि २०२३ मध्ये दिग्दर्शक डेव्हिड फिंचरने स्वतःच सांगून टाकलं की जेवढा खर्च होतो तेवढे प्रेक्षक नाहीत, त्यामुळे आता होणार नाही.

मग मी काय करते, तर पुढचं मनातल्या मनात रचत बसते. नुसत्या कल्पनेवर नाही हां, कारण या सिरीयलचं असं आहे की मागची खरी माणसं पुढे कुठे गेली ते आपल्याला माहीत आहे, आणि सिरीयलने कुठे खऱ्याला धरलं, कुठे सोडलं तेही दिसतं, त्यामुळे रस्ता बऱ्यापैकी शोधता येतो.

होल्डनचं तर समोरच आहे. पहिल्या सीझनच्या शेवटी एड केम्पर, त्यांनी इंटरव्ह्यू घेतलेला एक खुनी, त्याला मिठी मारतो आणि होल्डन हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये कोसळतो, पॅनिक अॅटॅक. दुसऱ्या सीझनमध्ये ते प्रकरण जरा सुरुवातीला येतं, खिशात गोळ्या येतात आणि मग अटलांटातल्या मुलांच्या खुनांच्या केसच्या गडबडीत मागे पडतं. मला हे कायम खटकायचं. पण खरे डग्लस डिसेंबर १९८३ मध्ये ग्रीन रिव्हरच्या खुनांच्या केससाठी सिअॅटलला गेलेले असताना हॉटेलच्या खोलीत कोसळले होते, मेंदूला व्हायरल इन्फेक्शन, थेट कोमात. वाचले, पण परत उभं राहायला वेळ लागला. माझी खात्री आहे की तो पॅनिक अॅटॅक म्हणजे याचीच पेरणी होती. दोन सीझन हा मुलगा स्वतःला सगळ्यांपेक्षा हुशार समजत फिरतो, समोरच्याच्या डोक्यात शिरता येतं याचा त्याला माज आहे, आणि तिसऱ्यात त्याचंच डोकं त्याला दगा देतं. नंतर कामावर येतो तो होल्डन वेगळा असायला हवा होता, हळू बोलणारा, शब्द शोधणारा. होल्डन करणाऱ्या जोनाथन ग्रॉफने ते काय केलं असतं!

आणि बरा होऊन येतो तर बाहेर तो फेमस झालेला. अँड्र्यू डॉमिनिक, ज्याने दुसऱ्या सीझनचे काही एपिसोड केले, त्याने सांगितलं होतं की पुढचा सीझन हॉलीवूडमध्ये जाणार होता. म्हणजे एक जण दिग्दर्शक जोनाथन डेमीसोबत, दुसरा मायकल मॅनसोबत, आणि प्रोफायलिंग (गुन्ह्यावरून गुन्हेगार कसा असेल ते ओळखणं) ही गोष्ट तळघरातून निघून सामान्य लोकांच्या तोंडी येणार. हे ऐकल्यापासून मला झोप नाही. होल्डनला हे आवडलं असतं, फार आवडलं असतं, आणि त्याच वेळी अटलांटामधल्या त्या मेलेल्या मुलांच्या आया घरी बसलेल्या असत्या. तिथे पकडलेल्या वेन विल्यम्सला १९८२ मध्ये शिक्षा झाली ती दोन प्रौढ माणसांच्या खुनासाठी. मुलांच्या खुनाच्या एकाही केसमध्ये त्याच्यावर खटला चालला नाही. एका आईने होल्डनला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अजून यायचंय, आणि हा पार्टीत ग्लास हातात धरून प्रोफायल कसं बनवतात ते सांगतोय, असा एक सीन मला हवाच होता.

वेंडी. तिच्यावर सिरीयलने अन्याय केला असं मला वाटतं. पहिल्या सीझनमध्ये ती लाँड्रीच्या खिडकीपाशी एका न दिसणाऱ्या मांजराला रोज ट्यूना ठेवते आणि एक दिवस डबा तसाच, त्यात मुंग्या. दुसऱ्यात ती स्वतः इंटरव्ह्यू घ्यायला लागते, एल्मर हेन्ली या खुन्यासमोर स्वतःच्या नात्याबद्दल बोलते, टीममधला चौथा, ग्रेग, शेजारी बसलाय, त्याला वाटतं ही नाटक करतेय, आणि ते सगळं खरं असतं. काय सीन आहे तो! मग के या तिच्या मैत्रिणीशी ब्रेकअप, इंटरव्ह्यू परत दुसऱ्यांकडे, आणि ही डेस्कवर. एवढंच?

खऱ्या अॅन बर्जेस नर्सिंगच्या प्रोफेसर होत्या. १९७४ मध्ये लिंडा होल्मस्ट्रॉम यांच्यासोबत त्यांनी बलात्कारातून गेलेल्या बायकांच्या मनावर काय परिणाम होतो यावर काम केलं, 'रेप ट्रॉमा सिंड्रोम' हा शब्द त्यांचा. म्हणजे त्या मुळात ज्यांच्यावर गुन्हा झाला त्यांच्या बाजूने आलेल्या. सिरीयलमध्ये ही बाजू जवळजवळ नाहीच, एक सीन सोडून: बीटीकेच्या, म्हणजे कॅन्ससमधल्या त्या मुखवटेवाल्याच्या हल्ल्यातून वाचलेला तो माणूस गाडीत मागच्या सीटवर बसून बोलतो आणि बिलला सांगतो मागे वळून बघू नका. तो सीन मी कितीदा बघितला असेल, मोजलं नाही. मला वाटतं वेंडीचा पुढचा रस्ता तिथून निघाला असता. ३६ खुन्यांचा तो अभ्यास ती पूर्ण करते, तिचाच हट्ट असतो तो सगळा की प्रश्न एकसारखे हवेत, आकडे नीट हवेत, आणि ते झाल्यावर तिला कळतं की टेपवर सगळे आवाज मारणाऱ्यांचेच आहेत. मग ती टेपरेकॉर्डर उचलून दुसरीकडे जाते, वाचलेल्यांकडे. तिचं खासगी आयुष्य मात्र लपलेलंच राहिलं असतं बहुतेक, कारण समलिंगी आहे हे कळलं तर करियर संपेल ही भीती एफबीआयमध्ये १९९० च्या दशकापर्यंत होतीच. दुसऱ्यांना बोलतं करण्यात इतकी तरबेज बाई, आणि स्वतःचं एक वाक्य ऑफिसात बोलू शकत नाही.

ग्रेगबद्दल थोडंच. सगळे त्याच्यावर चिडतात, होल्डनच्या एका इंटरव्ह्यूची टेप त्याने चौकशीवाल्यांकडे पाठवली म्हणून, मीपण चिडले होते. पण मला वाटतं त्याला टेड बंडी मिळाला असता. खऱ्या आयुष्यात फ्लोरिडाच्या तुरुंगात बंडी ज्याच्याशी मोकळेपणाने बोलत होता तो एजंट डग्लस नव्हता, रेस्लरही नव्हता, बिल हॅगमायर नावाचा तिसराच होता. १९८९ मध्ये बंडीला मृत्युदंड दिला त्याच्या आधीपर्यंत. देवभोळा, बावरलेला, खोटं न बोलता येणारा ग्रेग त्या खुर्चीत बसलाय आणि बंडी त्याला मित्र म्हणतोय, यात होल्डनचा किती जळफळाट झाला असता!

आता बिल.

ब्रायनचं जे प्रकरण दुसऱ्या सीझनमध्ये आहे ते रेस्लर यांच्या आयुष्यातलं नाही, लिहिणाऱ्यांनी मुद्दाम बिलला दिलेलं आहे. दत्तक घेतलेला, फारसा न बोलणारा मुलगा, एक छोटं मूल मेलेलं, मोठ्या मुलांसोबत हा होता, आणि त्या बाळाला क्रॉसवर ठेवायचं हे याचं म्हणणं, का तर ते परत जिवंत होईल म्हणून. दिवसभर बिल लोकांना विचारतो लहानपणी काय झालं होतं, आणि संध्याकाळी घरी येतो तर समोर लहानपण बसलेलं असतं आणि त्याला एक प्रश्न विचारता येत नाही. नेटवर बहुतेक लोकांचं म्हणणं की ब्रायन पुढे खुनी होणार होता. मला हे अजिबात पटत नाही आणि मी यावर भांडायला तयार आहे. तसं केलं असतं तर सिरीयल स्वतःच्याच विरोधात गेली असती. बिलला जी भीती वाटते ती खरी ठरवणं सोपं आहे. पण तीच भीती मुलाला बापापासून तोडते, आणि मुलगा मात्र साधाच निघतो, हे किती जास्त लागणारं आहे.

आणि हे मी उगाच म्हणत नाही, दुसरं घर बघा ना. बीटीके, म्हणजे डेनिस रेडर. दुसरा सीझन उघडतो तोच त्याच्या घरात, बायको दार उघडते आणि तिला नवरा दिसतो दोरीला बांधलेला. नॅन्सी ब्रायनला घेऊन निघून गेली. रेडरची बायको राहिली. १९७४ ते १९९१, १० खून, आणि हा माणूस घरी दोन मुलांचा बाप, चर्चच्या कौन्सिलचा प्रेसिडेंट, नंतर तर गवत वाढलं, कुत्रं मोकाट सुटलं म्हणून लोकांना नोटिसा देणारा शहराचा कर्मचारी. एका घरात बाप मुलाकडे संशयाने बघतोय, दुसऱ्या घरात मुलं बापाच्या मांडीवर निर्धास्त. ही दोन घरं समोरासमोर ठेवण्यासाठीच तर कितीतरी एपिसोडमध्ये तो माणूस मधेच दाखवत होते असं मला वाटतं.

फिंचरने सांगितलंय की रेडरच्या दारावर थाप पडते तिथपर्यंत न्यायचं त्याच्या मनात होतं. म्हणजे २००५. रेस्लर १९९० ला रिटायर झालेले, डग्लस १९९५ ला. आणि रेडर पकडला गेला कशाने? पोलिसांना पत्रातून विचारलं की फ्लॉपी पाठवली तर मला शोधता येईल का, पोलिसांनी पेपरात जाहिरात देऊन कळवलं की काही होणार नाही, त्याने विश्वास ठेवला, फ्लॉपी पाठवली, आणि तिच्यात चर्चचं नाव आणि 'डेनिस' निघालं. २५ फेब्रुवारी २००५ ला अटक. ग्रीन रिव्हरवाला गॅरी रिजवे २००१ मध्ये डीएनएने सापडला, तोही लग्न झालेला, ट्रक रंगवायच्या कामावर वर्षानुवर्षं हजर राहणारा. इतक्या वर्षांच्या त्या टेप, ते प्रोफायल, बिलचं मोडलेलं घर, आणि शेवटी एक फ्लॉपी. यावर बिलचा चेहरा कसा झाला असता ते होल्ट मॅकॅलनीला एकही वाक्य न देता दाखवता आलं असतं.

माझा शेवटचा एपिसोड म्हणून असा आहे. फेब्रुवारी २००५. बिल सत्तरीचा, एकटा, टीव्हीवर रेडरचा फोटो. तो आवाज वाढवत नाही. फोन वाजतो. पलीकडे तिशी ओलांडलेला माणूस, मागे भांड्यांचा आवाज, कुणीतरी लहान मूल काहीतरी मागतंय. "डॅड, टीव्ही लावलाय का?" बिल म्हणतो हो. मग दोघंही बराच वेळ बोलत नाहीत आणि फोनही ठेवत नाहीत. ब्रायननेच केलेला असतो फोन.