घोट्याची सूज उतरवली कोणी?

मागे पाय मुरगळला तेव्हा घोटा असा टम्म फुगला होता की बोटाने दाबलं की खळगा पडायचा आणि तो बराच वेळ तसाच राहायचा, मी रोज उठल्या उठल्या आधी तेच दाबून बघायचे. मग एका सकाळी हाडाची कड परत दिसली. तोवर मला वाटायचं सूज आपोआप ओसरते, काम संपलं की संपली. तसं नाहीये हो! शरीर ती मुद्दाम, मेहनतीने उतरवतं, आणि त्या कामातली काही हार्मोन्स म्हणजे छोटे पेप्टाइड्स (अमिनो ॲसिडच्या छोट्या साखळ्या) आहेत, मेलॅनोकॉर्टिन नावाचे.

पीओएमसी नावाचं एक लांबलचक प्रोटीन असतं, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत तर बनतंच पण त्वचेत आणि रोगप्रतिकारक पेशींतसुद्धा. ते कापून एसीटीएच नावाचं हार्मोन निघतं, ३९ अमिनो ॲसिडचं, आणि त्याचेच पहिले १३ घेऊन अल्फा-एमएसएच, त्वचेच्या रंगाचं हार्मोन. ही दोन्ही मेलॅनोकॉर्टिनच. म्हणजे त्वचेला रंग देणारं हार्मोन आणि सूज आवरणारं हार्मोन एकच, मला हे वाचून खरंच भारी वाटलं.

१९४९ मध्ये फिलिप हेंच या अमेरिकन डॉक्टरांच्या टीमने संधिवाताच्या पेशंट्सना कॉर्टिसोन (एक स्टेरॉइड) आणि एसीटीएच दिल्याचे रिझल्ट मांडले, १९५० ला नोबेल मिळालं. तेव्हा समज असा की एसीटीएच फक्त मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीला कॉर्टिसॉल हे सूज कमी करणारं स्टेरॉइड बनवायला सांगतं, बाकी काही नाही. पण पुढे ॲड्रिनल काढलेल्या उंदरांतही गाउटची (युरिक ॲसिडच्या खड्यांनी येणारी) सांध्याची सूज एसीटीएचने कमी झाली! कारण मॅक्रोफेज पेशींवरच (कचरा गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) त्याचा रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारं प्रोटीन, असतो, एमसी३. मेलॅनोकॉर्टिनचे असे एकूण पाच रिसेप्टर आहेत.

रिसेप्टरला पेप्टाइड चिकटलं की पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, सूजेची जीन्स चालू करणाऱ्या एनएफ-कप्पा-बी ला लगाम बसतो, सूज वाढवणारं टीएनएफ कमी, सूज शमवणारं आयएल-१० जास्त. आणि मॅक्रोफेज मेलेल्या न्यूट्रोफिल्सना (सूजेत आधी धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी) गिळायला लागतात. हे गिळणंच खरं महत्त्वाचं, कारण मेलेल्या पेशी तशाच पडून फुटल्या तर आतली एन्झाइम्स बाहेर सांडून आजूबाजूला परत जळजळ सुरू होते. गिळून झाल्यावर तोच मॅक्रोफेज भांडण सोडून डागडुजीचे निरोप पाठवायला लागतो.

एक मात्र कळकळीने सांगते, अल्फा-एमएसएचच्या शेपटीचे तीन अमिनो ॲसिड, केपीव्ही, हल्ली ऑनलाइन कुप्यांत मिळतात. प्राण्यांत त्यांनी सूज कमी झालीय हे खरं, पण माणसांवर पुरेशा चाचण्या नाहीत. स्वतःच्या मनाने टोचून घेऊ नका प्लीज.